बाळाचे बोट धरून सृष्टीकडे

नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात दर वर्षी फेब्रुवारी महिन्यात यात्रा भरते. दूरदूरच्या गावांहून भाविक येतात आणि अनेक आईबाप कडेवरच्या लेकरांना आशीर्वादासाठी घेऊन येतात. ज्या बाळापुढे आपण नतमस्तक होतो, तो देवपुत्र आयुष्याची सुमारे ३० वर्षे नाझरेथच्या एका साध्या कुटुंबात राहिला. शुभवर्तमान त्या वर्षांविषयी फार थोडे सांगते. तथापि प्रभूने पुढे जे दाखले दिले, ते पाहिले की त्याच्या बालपणाची थोडीशी कल्पना येते. पेरणी करणारा शेतकरी, मोहरीचा दाणा, रानातील फुले, आकाशातील पाखरे, चुकलेले मेंढरू, पिठात खमीर मिसळणारी गृहिणी ही सारी चित्रे त्याच्या पाहण्यातील होती. पवित्र मरिया आणि संत योसेफ यांनी त्याचे बोट धरून यांतील कितीतरी गोष्टी त्याला दाखवल्या असतील, असे मानावयास हरकत नाही.

या पार्श्वभूमीवर एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. आज आपल्या घरातील दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या मनात कोणती चित्रे साठत आहेत? ज्याने मोहरीचा दाणा कधी तळहातावर घेतलेला नाही, त्याला मोहरीच्या दाण्याचा दाखला पुढे कसा उमगावा?

मूल कसे शिकते?

साधारण एक वर्षाच्या आगेमागे मूल बोटाने वस्तू दाखवू लागते. कावळा दिसला की ते बोट करते आणि लगेच आईच्या तोंडाकडे पाहते. “तूही हे पाहिलेस ना?” असा तो प्रश्न असतो. आई “कावळा!” म्हणते आणि एक शब्द मुलाच्या पदरात पडतो. भाषा, विश्वास आणि प्रेम या तिन्हींचा पाया अशा शेकडो छोट्या देवाणघेवाणींत घातला जातो. पडद्यावरचा कावळा पुष्कळ ओरडतो. पण मुलाच्या बोटाला तो उत्तर देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी बालकाला पडद्यासमोर बसवूच नये. दोन ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाकाठी फार तर एक तास आहे आणि त्याहून कमी वेळ अधिक चांगला. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, असेही त्यांत म्हटले आहे. मोबाईल हातात दिल्याशिवाय मूल घास घेत नाही, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. आम्ही आईबापांना दोष देऊ इच्छित नाही. प्रेसमधील पाळ्या, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामाचे तास आणि शहरातील लहान घरे आम्हांला ठाऊक आहेत. परंतु मुलाची ही वर्षे परत येत नाहीत, हेही तितकेच खरे.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली कुटुंबाला ‘घरातील ख्रिस्तसभा’ असे संबोधले आणि १९६५ साली आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक होत, असे स्पष्ट केले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला. जीवनाविषयी प्रेम व आदर, वस्तूंचा योग्य वापर, स्वच्छता आणि सर्व प्राणिमात्रांची काळजी यांचे पहिले धडे कुटुंबात मिळतात, असा त्यांच्या शिकवणीचा आशय आहे. म्हणजे रोपाला पाणी घालणारे तीन वर्षांचे मूल खेळत असते आणि त्याच वेळी धर्मशिक्षणाचा पहिला पाठ गिरवत असते.

हे काम फार खर्चाचे नाही, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी बालकांसाठी काम केले. महागड्या साधनांऐवजी त्यांनी पाने, बिया, खडे आणि शिंपले मुलांच्या हाती दिले. ‘अंगणवाडी’ ही कल्पना या कामातूनच रुजली. ज्या मारिया माँटेसरी यांच्या विचारांपासून त्यांनी प्रेरणा घेतली, त्या स्वतः कॅथलिक होत्या. माँटेसरींच्या पद्धतीचा आधार घेऊन सोफिया काव्हालेत्ती यांनी १९५४ साली रोममध्ये बालकांसाठी धर्मशिक्षणाचा एक मार्ग सुरू केला. त्यात तीन वर्षांपासूनची मुले उत्तम मेंढपाळाचा दाखला लाकडी मेंढरे हाताळत ऐकतात आणि नंतर त्याचे चित्र काढतात. आधी हात आणि डोळे, मग शब्द, असा हा क्रम आहे.

आपल्या परिसरातील पाठशाळा

नाशिककरांना दूर जाण्याची गरज नाही. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे. २०१९ साली महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून त्याची नोंद झाली. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित बदके उतरतात. मात्र लहान मुलासाठी दुर्मीळ पक्ष्यांचा शोध घेत बसू नये. बगळा, पाणकोंबडी आणि लांब तांबड्या पायांचा शेकाट्या त्याला पुरेसे आहेत. पक्ष्यांऐवजी ते अर्धा तास मुंग्यांची रांग पाहत बसले, तर तेही बसू द्यावे.

याहून जवळची पाठशाळा म्हणजे द्राक्षबाग. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेल उघडीबोडकी दिसते. थोड्याच दिवसांत तिला फुटवे येतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास घड पिकतात. एकाच वेलीकडे मुलाला या काळात तीन-चार वेळा न्यावे. खरा द्राक्षवेल, त्याच्या फांद्या आणि छाटणी करणारा पिता हा योहानाच्या शुभवर्तमानातील दाखला ते पुढे ऐकेल, तेव्हा ती वेल त्याला आठवेल. बागेवर औषधांची फवारणी झालेली असते. म्हणून मुलाला थेट वेलीवरचे मणी खाऊ देऊ नयेत आणि फवारणी सुरू असताना बागेत नेऊ नये. धरणाचा व नदीचा काठ आणि पावसाळ्यातील धबधबे येथे मुलाचा हात क्षणभरही सोडू नये.

ज्यांना सुट्टी मिळत नाही, त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर मंदिराच्या आवारातील झाडाखाली पंधरा मिनिटे थांबावे. गळालेली पाने वेचावीत आणि रंगांची नावे घ्यावीत. आजी-आजोबांना यात अवश्य सामील करून घ्यावे. घाई नसलेली माणसे मुलांना फार आवडतात.

एकत्र घडवण्याचा आनंद

जे पाहिले ते हाताने घडवले की मनात पक्के होते. मातीचे पक्षी, पानांचे ठसे, फुलांच्या पाकळ्यांची रांगोळी हे सर्व दोन-तीन वर्षांच्या मुलाला जमते. आईबापांनी त्याचे काम सुधारू नये. पक्ष्याला पाच पाय झाले तरी चालतील.

आपल्याकडे या सहनिर्मितीचा सुंदर प्रसंग म्हणजे नाताळचा गोठा. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेचिओ येथे गव्हाणीचा देखावा उभा केला. त्याच ग्रेचिओ येथे १ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी गोठ्याविषयीच्या पत्रावर सही केली आणि कुटुंबांनी ही परंपरा जपावी, असे आवाहन केले. तयार गोठा विकत आणणे सोपे आहे. त्याऐवजी आगमनकाळात मुलाच्या हाताने लहान भांड्यात गहू किंवा नाचणी पेरावी आणि रोज थोडे पाणी घालण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. नाताळपर्यंत हिरवे अंकुर डोलू लागतात आणि बाळ येशूसाठी आपण स्वतः कुरण तयार केले, हे मुलाला कळते.

एका घरातील काम अनेक हातांनी कसे पुरे होते, याचे उदाहरण आपल्या प्रॉटेस्टंट बंधुभगिनींमध्ये सापडते. ‘फुलांचे आणि मुलांचे कवी’ रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य आरंभिले. ते अपुरे राहिले, तेव्हा नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीने, म्हणजे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी, त्याचा फार मोठा भाग लिहिला आणि पुत्र देवदत्त यांनी शेवटचा अध्याय जोडला.

प्रत्येक कुटुंबाकडून काव्याची अपेक्षा नाही. आठवड्यातून एक तास मोबाईल घरी ठेवून मुलाबरोबर बाहेर पडावे, त्याच्या चालीने चालावे आणि रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशी पाहिलेल्या एका वस्तूचे नाव घेऊन देवाचे आभार मानावेत, एवढीच आमची विनंती आहे. “मुंगीसाठी देवा, तुझे आभार” ही तीन वर्षांच्या मुलाची पूर्ण प्रार्थना आहे. नाझरेथच्या पवित्र कुटुंबाने आपल्या सर्व लहानग्यांना आणि त्यांच्या थकल्याभागल्या आईबापांना आपल्या छायेत ठेवावे.