समानार्थी व विरुद्धार्थी इंग्रजी शब्दांचे अध्यापन

सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. वरच्या इयत्तांत फळ्यावर तीन रकाने आखून शब्द, त्याचा समानार्थी शब्द व विरुद्धार्थी शब्द लिहून देण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. मुले ते घोकतात, गुणही मिळवितात. परंतु तोच शब्द वाक्यात योजण्याची वेळ आली म्हणजे अडखळतात. हा मुलांच्या बुद्धीचा दोष नव्हे. समानार्थी शब्द कोठेही अदलाबदल करून वापरता येतात, अशी समजूत त्या तीन रकान्यांनीच करून दिलेली असते.

ही समजूत मातृभाषेच्या आधारे सहज दूर करता येते. 'पाणी' व 'जल' यांचा अर्थ एकच. तथापि तहानलेले मूल आईजवळ 'जल' मागत नाही. इंग्रजीतही तसेच आहे. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर त्या भाषेत फ्रेंच शब्दांचा मोठा ओघ आला व विद्याव्यासंगामुळे लॅटिन शब्दांचीही भर पडली. त्यामुळे एकाच कल्पनेला अनेक शब्द मिळाले. 'आस्क' हा मूळचा देशी शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, तर 'इंटरॉगेट' लॅटिनमधून घेतलेला. आई मुलाला काही विचारते तेथे 'आस्क' शोभतो. कोणाकडे खुलासा मागितला जातो तेथे 'क्वेश्चन'. आणि पोलीस संशयिताची कसून चौकशी करतात तेथे 'इंटरॉगेट'.

'स्कॅर्स' व 'रेअर' यांतील भेदही असाच समजावून द्यावा. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी 'स्कॅर्स' होते, कारण गरजेच्या मानाने ते अपुरे पडते. माळढोक पक्षी मात्र 'रेअर', कारण तो क्वचितच दृष्टीस पडतो. म्हणून 'स्कॅर्स'च्या विरुद्ध 'अबंडंट' आणि 'रेअर'च्या विरुद्ध 'कॉमन' हे शब्द येतात.

विरुद्धार्थी शब्द हा नेहमी संदर्भावर अवलंबून असतो. 'ओल्ड' हे माणसाचे विशेषण असेल तर विरुद्ध शब्द 'यंग', घराचे असेल तर 'न्यू'. मराठीत आपण 'म्हातारा–तरुण' आणि 'जुना–नवा' असा भेद करतोच. उपसर्गांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. 'पॉसिबल'चे 'इम्पॉसिबल' होते, म्हणून 'व्हॅल्युएबल'च्या विरुद्ध 'इनव्हॅल्युएबल' असे मुले लिहितात. वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ 'अमूल्य' असा आहे. आणि 'अमूल्य' म्हणजे बिनमोलाचे, कवडीमोलाचे नव्हे, हे मुलांना ठाऊक असतेच.

अध्यापनाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. एका दिवशी दोनच शब्द घ्यावेत. प्रथम शब्द वाक्यात द्यावा व अर्थ मुलांकडून काढून घ्यावा. नंतर समानार्थी शब्द त्याच वाक्यात घालून तो तेथे बसतो की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे. त्यानंतर विरुद्धार्थी शब्द घ्यावा. शेवटी शेत, बाजार, शाळा यांविषयी प्रत्येकाने स्वतःचे एक वाक्य करावे. आठवड्याने त्याच शब्दांची उजळणी अवश्य घ्यावी.

उत्तरे तपासतानाही हीच दृष्टी असावी. वाक्य न देता केवळ 'ओल्ड'चा विरुद्ध शब्द विचारला आणि मुलाने 'यंग' लिहिले, तर उत्तरसूचीत 'न्यू' आहे एवढ्यावरून त्यावर तांबडी फुली मारणे अन्यायाचे होय. विचार करून लिहिलेल्या बरोबर उत्तरावर फुली पडली, की ते मूल पुढे विचार करण्याचे सोडून घोकू लागते. म्हणून प्रश्न वाक्यासह विचारावा आणि उत्तर निराळे आले तर फुली मारण्यापूर्वी मुलाला कारण विचारावे. पुष्कळदा ते कारण योग्यच असते.