‘जर’ इकडे, ‘तर’ तिकडे!

हडपसरच्या घराघरांतून मगरपट्ट्यातल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी चालते. ‘इफ आय वुड हॅव स्टडीड...’ म्हणताना मुलगा अडखळतो. दोष बुद्धीला कशाला द्यावा? ‘अभ्यास केला असता, तर पास झालो असतो’ या आपल्या वाक्यात ‘असता’ दोन्हीकडे येतो. इंग्रजीत ‘वुड’ फक्त ‘तर’च्या वाट्याला; ‘जर’कडे नुसते ‘हॅड’. स्पॅनिश बोलणारेही बोलण्यात पुष्कळदा दोन्हीकडे एकच रूप वापरतात आणि इंग्रजीत इथेच घसरतात.

महाराष्ट्रात २००० साली इंग्रजी पहिलीपासून आली. आधीच्या पालकांना ती पाचवीत भेटली. म्हणून मुलांना हसू नका. दोन्ही भाषांतली वाक्ये शेजारीशेजारी लिहून बघा. ‘तेव्हाच समजावले असते, तर...’ असे म्हणण्याची पाळी आपल्यावर नको!