अर्ध्या उवेचा हिशेब

नॉर्वेच्या डोंगराळ किनाऱ्यावरील खोल खाड्यांत सॅमन माशांची शेती चालते. समुद्रात सोडलेल्या जाळीच्या एका पिंजऱ्यात कायद्याने २ लक्षांपर्यंत मासे ठेवता येतात. इतकी दाटी झाली की परोपजीवींचे फावते. त्यांत सर्वांत उपद्रवी ठरली आहे ती सॅमनची ऊ. नावाने ऊ असली तरी ती कीटक नव्हे; कोळंबीप्रमाणे ती कवचधारी वर्गातील आहे. माशाच्या अंगाला चिकटून ती त्याची त्वचा व रक्त यांवर जगते. तिने केलेल्या जखमांमुळे माशाच्या शरीरातील क्षारांचा तोल बिघडतो.

म्हणून २०१२ साली तेथे केलेल्या नियमांनुसार मत्स्यसंवर्धकाला या उवा मोजाव्या लागतात. पाण्याचे उष्णतामान ४ अंश सेल्सिअस वा अधिक असल्यास ही मोजणी दर आठवड्यास होते व तिचा आकडा सरकारी अन्नसुरक्षा खात्यास कळविला जातो. पिंजऱ्यातील काही मासे काढून गुंगीच्या औषधाच्या पाण्यात ठेवतात आणि एकेक मासा हाती घेऊन उवा नोंदतात. पाण्यात गळून पडलेल्या उवाही हिशेबात धरावयाच्या असतात. मात्र पृष्ठभागाशी रेंगाळणारे दुबळे मासेच वेचले, तर आकडा फसवा निघतो.

दर माशामागे सरासरी अर्धी प्रौढ मादी, ही नेहमीची मर्यादा. वसंतातील ठराविक आठवड्यांत ती ०.२ वर येते. अर्धी ऊ ऐकून हसू येईल. परंतु २ लक्ष माशांच्या पिंजऱ्यात तिच्या १ लक्ष माद्या होतात, आणि प्रत्येक मादी शेकडो अंडी घालते. त्यांतून निघालेली सूक्ष्म पिले जाळीतून सहज बाहेर पडतात व प्रवाहाबरोबर मैलोगणती वाहत जातात. वसंतातच रानटी सॅमनची वीतभरही नसलेली पिले नद्यांतून समुद्राकडे निघालेली असतात. मोठा मासा ज्या दहाबारा उवा सहन करतो, त्या या पिलांचा प्राण घेऊ शकतात. म्हणूनच २०१७ साली नॉर्वेने आपला किनारा १३ विभागांत वाटला व रानटी पिलांच्या हानीच्या अंदाजावरून प्रत्येक विभागातील मत्स्यशेती वाढवावी की घटवावी, हे ठरविण्यास प्रारंभ केला.

आपल्याकडे २००७ साली विशाखापट्टणमजवळ खुल्या समुद्रातील पिंजऱ्यात जिताडा वाढविण्याचा प्रयोग झाला. उवांच्या जातभाई येथील समुद्रातही आहेत. जाळी माशाला अडविते, रोगाला नाही, हे ध्यानी घेऊन मोजणीची सवय आरंभापासूनच लावून घेणे हिताचे होय.