चलाचा प्रकार कोणास विचारावा?

जबलपूर शहरी जाणाऱ्या पुष्कळशा पत्रांवर ४८२००१ हा पिनकोड लिहिलेला असतो. पिनकोडाची पद्धत भारतीय टपालखात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केली. तिची आखणी करणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी भाषिक असून संस्कृतातील नामांकित कवी होते. आरंभीचा ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश व छत्तीसगड यांना सामाईक आहे, आणि पुढचे अंक उत्तरोत्तर लहान विभाग दर्शवितात.

आता ४८२००१ ही संख्या आहे काय? दिसावयास ती संख्याच दिसते. परंतु जबलपूर व नागपूर यांच्या पिनकोडांची बेरीज केल्याने कोणत्याही गावाचा पत्ता निघत नाही. ती अंकांत लिहिलेली खूण आहे. दूरध्वनीच्या बाबतीत हा भेद अधिक बोचतो. परगावाहून जबलपूरला दूरध्वनी लावताना ०७६१ हा संकेतांक प्रथम फिरवावा लागतो. तो संख्या म्हणून साठविला तर आरंभीचे शून्य गळून ७६१ एवढेच उरते. सी या भाषेत तर याहूनही विलक्षण घडते. तेथे शून्याने आरंभ होणारी पूर्ण संख्या अष्टमान पद्धतीची समजली जाते. म्हणून आज्ञावलीत ०७६१ असे लिहिले तर यंत्र ७ गुणिले ६४, अधिक ६ गुणिले ८, अधिक १, म्हणजे ४९७ असा अर्थ घेते. कोणतीही तक्रार न करता घेते, कारण भाषेचा नियम तोच आहे.

संगणकाच्या स्मृतीत मूल्य ठेवण्यासाठी जी नामांकित जागा राखून ठेवतात, तिला चल म्हणतात; आणि त्या जागेतील मजकूर कशा रीतीने वाचावा याविषयीचा करार म्हणजे त्या चलाचा प्रकार. हा करार का लागतो? स्मृतीत केवळ शून्ये आणि एक असतात, दुसरे काहीही नसते. बत्तीस बिटांची एक विशिष्ट रांग दशांशयुक्त संख्या म्हणून वाचली तर तिचा अर्थ २५ होतो, आणि तीच रांग पूर्णांक म्हणून वाचली तर १,१०,३६,२६,२४० होतो. रांगेवर कोठेही ‘मी अमुक प्रकारची आहे’ अशी चिठ्ठी डकवलेली नसते.

मग ही माहिती असते कोठे? सी, सी प्लस प्लस, गो, रस्ट यांसारख्या भाषांत लिहिलेली आज्ञावली चालविण्यापूर्वी तिचे यंत्रभाषेत रूपांतर करावे लागते. हे काम करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर अथवा संकलक म्हणतात. प्रत्येक चलाचा प्रकार संकलकास ठाऊक असतो. त्यानुसार तो योग्य त्या यंत्राज्ञा निवडतो, आणि काम आटोपल्यावर ती टाचणे बहुतांशी टाकून देतो. जबलपूर स्थानकावर एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत दोन रुंदींचे रूळ होते: १६७६ मिलिमीटरांचा रुंदमापी मार्ग आणि नैनपूरवरून गोंदियास जाणारा ७६२ मिलिमीटरांचा अरुंदमापी मार्ग. कोणती गाडी कोणत्या मार्गाने जाणार हे रूळ टाकतानाच ठरून गेलेले होते. धावत्या गाडीखाली वाकून चाकांतील अंतर मोजण्याची गरज कोणास पडत नसे. संकलित भाषेतील प्रकारही असाच आधी ठरतो. म्हणून ‘या चलाचा प्रकार कोणता?’ हा प्रश्न धावत्या आज्ञावलीस विचारण्यापेक्षा संकलकास विचारणे श्रेयस्कर होय.

नवशिका विद्यार्थी सी भाषेत बहुधा साइझऑफ या क्रियेकडे वळतो. तिच्याकडून चलाने किती जागा व्यापली हे कळते, प्रकार कळत नाही. आजच्या बहुतेक यंत्रांवर पूर्णांक व साधी दशांशयुक्त संख्या या दोहोंनाही चारच बाइट लागतात. सी प्लस प्लसमधील टाइपआयडी नावाची सोय प्रकाराचे नाव छापू शकते, परंतु काही प्रचलित संकलक पूर्णांकासाठी ‘आय’ हे एकच रोमन अक्षर छापून मोकळे होतात. गो भाषेत छपाईच्या आज्ञेत टक्क्याचे चिन्ह व मोठा ‘टी’ लिहिला की प्रकाराचे वाचनीय नाव मिळते. त्या भाषेचा संकलक आपली काही टाचणे मुद्दाम मागे ठेवतो.

मला स्वतःला सर्वांत उपयुक्त वाटणारी युक्ती थोडी खोडसाळ आहे. ज्याचा प्रकार जाणावयाचा तो चल जाणूनबुजून भलत्याच प्रकारच्या जागी ठेवावा आणि संकलन करावे. रस्टसारख्या काटेकोर भाषेचा संकलक तत्काळ अडवितो, आणि ‘येथे अमुक प्रकार अपेक्षित होता, मिळाला तमुक’ असे स्वच्छ सांगतो. आपणास हवे असलेले उत्तर त्या तक्रारीतच असते. सी भाषा संख्यांच्या आपसांतील बदलास मुकाट्याने संमती देते. म्हणून तेथे चल एखाद्या स्ट्रक्चरमध्ये भरण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे तक्रार येते. कायमचा पहारा हवा असल्यास २०११ च्या सी प्लस प्लस मानकाने दिलेले विधान वापरावे: या चलाचा प्रकार अमुकच असला पाहिजे, नसल्यास संकलन थांबवावे. चालू आज्ञावलीवर त्याचा काडीमात्र भार पडत नाही.

तथापि प्रकार कळला म्हणजे सारे कळले असे नव्हे. सोळा बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जबलपूरचा ४८२००१ त्यात कोंबला तर बहुतेक यंत्रांवर वरचे बिट गळून २३२४९ उरतात. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियन-५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले, तेव्हा नेमके हेच स्थळ नडले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली अ‍ॅडा या, प्रकारांविषयी अत्यंत कडक असलेल्या भाषेत होती, आणि ती आधीच्या एरियन-४ वरून उचललेली होती. आडव्या वेगाशी संबंधित चौसष्ट बिटांची दशांशयुक्त राशी सोळा बिटांच्या पूर्णांकात रूपांतरित करण्याची आज्ञा प्रकारांच्या दृष्टीने निर्दोष होती. संकलकाने आक्षेप घ्यावा असे तेथे काही नव्हते. परंतु नव्या अग्निबाणाचा वेग अधिक होता. मूल्य मावले नाही, दिशादर्शक यंत्रणा बंद पडली, आणि सुमारे चाळीस सेकंदांत अग्निबाण चार उपग्रहांसह नष्ट झाला.

पिनकोडासाठी बत्तीस बिटांचा पूर्णांक निवडला तर ४८२००१ सुखाने मावतो. ०७६१ साठी मात्र तोही उपयोगाचा नाही. तेथे चार अक्षरांची मालिकाच घ्यावी लागते.