टेस्टिंगची स्क्रिप्ट, लेखांक 6 : दोन रुपये एकोणपन्नास पैसे

मागच्या लेखांकात व्हीबीस्क्रिप्टमधली व्हेरिएबल पाहिली. आज फंक्शनचे प्रकार पाहू. उदाहरण सोलापूरच्या बाजार समितीतले घेतो, कारण हिशेबाची ओळ चुकली तर कुणाच्या खिशातून काय जाते, हे तिथे लगेच कळते.

फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दहा पोती कांदा सोलापूरला विकायला आणला. वजन भरले 512 किलो आणि भाव मिळाला किलोला 1 रुपया. मोटारभाडे, हमाली आणि तोलाई वजा जाता पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, उरले 2 रुपये 49 पैसे. हातात पडला 2 रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. बँकेचे व्यवहार पूर्ण रुपयांत होतात म्हणून वरचे 49 पैसे चेकवर आले नाहीत, असा खुलासा झाला. ही बातमी देशभर गेली आणि वाचणाऱ्यांना ती लागली.

भाव का पडला, हा प्रश्न टेस्टिंगच्या पलीकडचा आहे. पण 49 पैशांचे काय करायचे, हे कुणीतरी कधीतरी ठरवलेले असते. पट्टी संगणकावर निघू लागली की तो निर्णय प्रोग्रॅममधल्या एका ओळीत जाऊन बसतो आणि पुढे तो निर्णय होता हेही कुणाला आठवत नाही. टेस्टिंग करणाऱ्याने ती ओळ शोधायची असते.

समजा, अशी पट्टी काढणारी एक प्रणाली आपल्याला तपासायची आहे आणि हाताशी यूएफटी हे चाचण्या आपोआप चालवणारे साधन आहे. ते मर्क्युरी इंटरॲक्टिव्ह कंपनीने क्विकटेस्ट या नावाने आणले. 2006 मध्ये ते एचपीकडे, मग मायक्रो फोकसकडे आणि 2023 मध्ये ओपनटेक्स्टकडे गेले. मालक बदलले, तरी आपण लिहायची भाषा व्हीबीस्क्रिप्टच राहिली.

या भाषेत स्वतः लिहिता येणारे तुकडे दोन जातींचे असतात : सब आणि फंक्शन. आडतीवर हमाल पोते उचलून थप्पीला लावतो; काम झाले, विचारण्यासारखे काही उरत नाही. तोलार काट्याकडे पाहून आकडा सांगतो आणि त्या आकड्यावर पुढचा सगळा हिशेब चालतो. सब हमालासारखे काम करते, फंक्शन तोलारासारखे उत्तर देते. पट्टीचा स्क्रीन उघडणे आणि त्यात वजन-भाव भरणे ही सबची कामे. निव्वळ रक्कम काढणे हे फंक्शनचे. (नावे इथे देवनागरीत देतो, संगणकावर ती रोमन अक्षरांत लिहा.)

फंक्शन उत्तर कसे देते, इथे व्हीबीस्क्रिप्टची रीत वेगळी आहे. इतर अनेक भाषांत ‘रिटर्न’ असा शब्द लिहितात. इथे फंक्शनच्या स्वतःच्या नावाला किंमत द्यायची. ‘निव्वळरक्कम’ नावाचे फंक्शन असेल, तर आतल्या एखाद्या ओळीत निव्वळरक्कम बरोबर एकूण वजा खर्च, असे लिहावे लागते. ती ओळ राहिली तर कसलीही तक्रार न करता फंक्शन ‘एम्प्टी’ परत करते. आणि एम्प्टीची शून्याशी तुलना केली तर ही भाषा दोन्ही समान आहेत असे सांगते. खर्च आणि विक्री बरोबरीची, अपेक्षित उत्तर शून्य, अशी एखादी चाचणी तुम्ही लिहिली असेल, तर काहीच न मोजणारे फंक्शनही त्यात हिरवे ठरते. म्हणून नव्या फंक्शनची पहिली चाचणी शून्य उत्तराची कधीच ठेवू नये.

दुसरा धोका याहून मोठा वाटतो. फंक्शनला दिलेले व्हेरिएबल मूळचेच आत जाते, त्याची नक्कल जात नाही. याला बायरेफ म्हणतात आणि काही न लिहिल्यास व्हीबीस्क्रिप्ट तेच धरून चालते. आता कुणी घाईत फंक्शनच्या आत एकूण रकमेतूनच एकेक खर्च वजा करत गेले, तर उत्तर बरोबर येईल, पण बाहेरची एकूण रक्कमही 512 वरून 2.49 वर येऊन बसेल. पुढच्या ओळीत ती स्क्रीनवरच्या एकूण रकमेशी ताडायला जाल, तर प्रणाली निर्दोष असूनही चाचणी लाल होईल. उत्तर देणाऱ्याने दिलेल्या मालाला हात लावता कामा नये. प्रत्येक पॅरामीटरच्या आधी बायव्हॅल लिहायचे, म्हणजे आत नक्कल जाते. माझ्या मते हा नियम अपवादाशिवाय पाळावा.

अंगभूत फंक्शन आपण लिहीत नाही, ती भाषेबरोबर येतात. लेन मजकुराची लांबी सांगते, डेटडिफ दोन तारखांमधले अंतर सांगते. ही सरळ आहेत. पैशाच्या हिशेबात मात्र पूर्णांक करणाऱ्या फंक्शनपाशी थांबायलाच हवे. सीइंटला 2.49 दिले की 2 मिळतात, इथपर्यंत कुणी हरकत घेणार नाही. 2.50 दिले तरी 2 च मिळतात आणि 3.50 चे मात्र 4 होतात! नेमका अर्धा आला की सीइंट जवळच्या सम संख्येकडे झुकते, राउंडही तसेच करते. शाळेत शिकलेल्या रीतीने अडीचचे तीन होतील असे गृहीत धरून चाचणी लिहिली, तर ती चाचणीच चुकीची. शिवाय सीइंटची झेप 32,767 पर्यंतच. बऱ्या भावाच्या दिवशी एखाद्याची पट्टी 40,000 झाली, तर ओव्हरफ्लोची त्रुटी येऊन स्क्रिप्ट तिथेच थांबते. मोठ्या पूर्णांकासाठी सीलाँग आहे.

इंट आणि फिक्स या जोडीतला फरक पट्टी उलटली की दिसतो. खर्च विक्रीपेक्षा जास्त झाला आणि शेतकऱ्याकडूनच 2 रुपये 49 पैसे येणे निघाले, असे धरा. उणे 2.49 ला फिक्स उणे 2 करते, इंट उणे 3 करते. धन आकड्यांवर दोन्ही सारखीच वागतात, त्यामुळे ज्याने फक्त नफ्याच्या पट्ट्या तपासल्या त्याला हा रुपया कधीच सापडणार नाही.

आणि साधी वजाबाकी? 512 मधून 509.51 वजा केले की दशांशाचा हिशेब व्हीबीस्क्रिप्ट 2.49000000000001 असा दाखवते, कारण 509.51 हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही. त्याची 2.49 शी थेट तुलना केली तर उत्तर ‘असमान’. पैशासाठी सीकर नावाचे फंक्शन आहे; ते चार दशांश स्थळांपर्यंत अचूक रक्कम धरते. दोन्ही आकडे आधी त्यातून काढा, मग वजाबाकी करा.

राहिली तपासणीची जागा. बरेच जण तपासणी सबमध्ये लिहितात : आतच तुलना करायची आणि आतूनच अहवालात ‘पास’ किंवा ‘फेल’ नोंदवायचे. अहवाल दिसतो, पण तपासणीचे उत्तर पुढच्या स्क्रिप्टच्या हाती येत नाही. पट्टी चुकली तरी गाडी चेकच्या स्क्रीनवर जाते आणि चुकीच्या रकमेचा चेक तपासत बसते. तपासणी फंक्शनमध्ये लिहावी, तिने खरे किंवा खोटे एवढेच सांगावे, आणि अहवालाची नोंद वेगळ्या सबकडे द्यावी.

सोलापुरातून पुण्याला टेस्टिंगच्या नोकरीला जाणारी मुले विचारतील, ही जुनी भाषा आता कशाला? मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2023 मध्येच व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले, हे खरे आहे. पण त्या भाषेत लिहून ठेवलेल्या जुन्या चाचण्या अजून चालवाव्या लागतात. आणि पायथनमध्ये रिटर्न विसरलात, तर तिथेही फंक्शन मुकाट्याने ‘नन’ परत करतेच.

सरावासाठी निव्वळ रकमेचे फंक्शन लिहा आणि त्याला या पाच पट्ट्या द्या : 2.49, 2.50, 3.50, 40,000 आणि उणे 2.49. पैसे सोडायचे, वर न्यायचे की तसेच ठेवायचे, हे मात्र आपण टेस्टरने मनाने ठरवायचे नाही. ज्यांची प्रणाली आहे त्यांच्याकडून ते लेखी घ्यायचे आणि अपेक्षित उत्तरे त्यावरून लिहायची. पुढच्या आठवड्यात ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ पाहू. 40,000 च्या पट्टीवरची त्रुटी त्या एका ओळीने कशी गिळली जाते, ते तेव्हा.