मनाच्या दुखण्यावर बोलण्याचा इलाज

डिंभ्याच्या परिसरातील माणसाला दुःख म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. घोड नदीवर धरण झाले, तेव्हा कित्येकांची घरे आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. पुढे ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. अशा वेळी मन खचणारच. तो आजार नव्हे. दिवस जातात, तसा माणूस हळूहळू पुन्हा कामाला लागतो.

पण काहींचे तसे होत नाही. दोन आठवडे उलटले तरी मन कशातच रमत नाही. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, अंग जड होते, आपण कुचकामी आहोत असे सारखे वाटते. कधी कधी तर कारणही सापडत नाही. घरची माणसे म्हणतात, "आळस भरलाय," नाहीतर "बाहेरचं काहीतरी झालंय." खरे पाहता हे नैराश्य नावाचे दुखणे आहे. त्यावर गोळ्यांचा इलाज आहे, तसा बोलण्याचाही आहे.

तुम्ही म्हणाल, नुसत्या बोलण्याने कुठे आजार बरा होतो काय? याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात मिळाले. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ ते २०१५ या काळात तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांची पाहणी केली. काहींना डॉक्टरांचे नेहमीचे उपचार दिले; बाकीच्यांना त्यांच्या जोडीला सहा ते आठ बैठका दिल्या. या बैठका घेणारे डॉक्टर नव्हते. ती तिथलीच साधी माणसे होती, त्या कामाचे शिक्षण घेऊन तयार झालेली. तीन महिन्यांनी पाहिले, तर बैठका मिळालेल्यांपैकी शंभरात ६४ जण आजारातून बाहेर आले होते. इतरांत हेच प्रमाण ३९ होते.

मग या बैठकीत चालते तरी काय? उपदेश मुळीच नाही. मन उदास झाले की माणूस घरात बसतो. काम सुटते, चार माणसांत ऊठबस सुटते, आणि मन आणखीच उदास होते. "बरं वाटलं की उठेन," असे म्हणत तो वाट पाहतो. हा इलाज उलट्या बाजूने सुरू होतो: आधी लहानसे काम, मागाहून मन.

समजा, ऐन आवणीच्या दिवसांत एका शेतकऱ्याने अंथरूण धरले आहे. बैठक घेणाऱ्या ताई विचारतात, "काका, पूर्वी सकाळी काय करायचात?"

"गुरं सोडायचो. बांधावर चक्कर मारायचो."

"मग उद्या नुसतं बांधापर्यंत जाऊन या. काम काही करू नका. आल्यावर कसं वाटलं, तेवढं ध्यानात ठेवा."

पुढच्या आठवड्यात त्याची विचारपूस होते. जमले नसेल तर रागावणे नाही. काय आडवे आले ते पाहायचे आणि पाऊल आणखी लहान करायचे. कर्ज, भाऊबंदकी असे प्रश्नही एकेक करून हाती घ्यायचे. बोललेले बाहेर जात नाही. दुखणे जोराचे असेल तर गोळ्याही घ्याव्या लागतात. डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नयेत.

गुरुजी, गावातली माणसे तुमच्याशी मोकळेपणाने बोलतात. इलाज करणे हे तुमचे काम नाही, पण पहिले ऐकणारे तुम्ही होऊ शकता. "सगळ्यांनाच त्रास असतो" असे म्हणून कोणाचे बोलणे तोडू नका. "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट माणसाचा भार हलका होतो. उत्तर 'हो' आले, तर त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे त्याच्या हाताशी राहू देऊ नका आणि त्याला घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते.

डोंगरवाडीत कोणाचा पाय मोडला, तर चौघे मिळून त्याला झोळीतून खाली आणतात. मन मोडलेल्या माणसालाही तशीच सोबत लागते. आज घरी गेल्यावर, बरेच दिवस जो गप्प आहे त्याच्याजवळ थोडा वेळ बसा, आणि त्याला बोलू द्या.