सीताफळाची बी : औषध आणि विष

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरउतारांवर सीताफळाची झाडे विपुल आहेत. येथील फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गर खाऊन झाल्यावर फेकल्या जाणाऱ्या बियांना मात्र खेड्यापाड्यांत वेगळाच मान आहे. उवा मारण्यासाठी त्यांची पूड केसांना चोळतात.

हा उपाय निराधार नाही. बियांमध्ये ॲसिटोजेनिन वर्गातील संयुगे असतात. स्क्वामोसिन हे त्यांपैकी एक होय. पेशीतील तंतुकणिका अन्नापासून ऊर्जा निर्माण करतात. या क्रियेच्या श्वसनसाखळीतील पहिलाच दुवा ही संयुगे बंद पाडतात आणि ऊर्जेअभावी कीटक मरतो. झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगपेशींना ऊर्जा अधिक लागत असल्याने प्रयोगशाळेत त्यांच्यावरही हा परिणाम दिसून आला.

तथापि काचपात्रातील पेशी मरणे म्हणजे रोगी बरा होणे नव्हे. तोच दुवा आपल्या मज्जापेशींतही असतो. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर सीताफळाच्या कुळातीलच फळे व पानांचा काढा नित्य घेणाऱ्यांत कंपवातासदृश विकार आढळल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यकारणभाव निर्विवाद ठरलेला नसला, तरी कर्करोगावर म्हणून बियांची पूड पोटात घेणे सर्वथा अनुचित आहे.

नित्याचा धोका डोळ्यांना आहे. पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळावरील पारदर्शक पटलास इजा होते, तीव्र वेदना होतात व दृष्टी धूसर होते. अशा वेळी डोळे न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि तत्काळ डॉक्टरांना दाखवावेत. उवांसाठी परमेथ्रिनयुक्त औषध औषधांच्या दुकानांत मिळते.